जुनी मोटारसायकल जाहिरात: वाचावी कशी, ओळखावी कशी, जपावी कशी

मी विकत घेतलेली पहिली जुनी जाहिरात नकली निघाली. कागद पिवळसर होता, मधोमध घडीची रेघ होती, कोपऱ्यात तेलाचा डाग होता आणि विक्रेता तिचा काळ १९३० च्या आसपासचा सांगत होता. घरी आणून मी त्या घडीवरून बोट फिरवले, तर घडी बोटाला लागेचना. कागद सपाट, गुळगुळीत होता. घडी, डाग आणि पिवळेपणा हे सगळे छापलेले होते. पैसे परत मिळाले नाहीत, पण ते पोस्टर मी अजून ठेवले आहे, कारण नव्या संग्राहकाला दाखवायला त्याच्याइतका चांगला नमुना माझ्याकडे दुसरा नाही.

हा लेख जुन्या मोटारसायकल जाहिरातींचा संग्रह नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी आहे. अस्सल आणि नकली यांतला फरक पुढे येईलच, परंतु त्याआधी जाहिरात वाचता आली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. चांगली जाहिरात म्हणजे ग्राहकाच्या मनातल्या, त्याने बोलून न दाखवलेल्या एखाद्या शंकेला दिलेले उत्तर असते. गाडी वाटेत बंद पडेल का, चढावर दम टाकेल का, तासाभराने हात बधिर होतील का, या शंका मोटारसायकल चालवणाऱ्याच्या अंगात मुरलेल्या असतात, आणि म्हणूनच ज्या कंपनीचे आज नावही उरलेले नाही तिचे पानसुद्धा त्याला आपल्याशीच बोलत असल्यासारखे वाटते. ही शंका हाती लागली की साल ठरवणे, चित्र तपासणे, काय घ्यावे आणि काय सोडावे हे ठरवणे, सगळेच सोपे होते.

हाताशी लागणारे साहित्य

• दहापट मोठे दाखवणारे लहान भिंग
• अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च
• लोहचुंबक (इनॅमलच्या पाट्या घेणार असाल तरच)
• मऊ शिशाची पेन्सिल. पेन मुळीच नको
• मोजपट्टी आणि स्वच्छ, कोरडे हात
• आम्लविरहित पुठ्ठा आणि पॉलिस्टरची पारदर्शक पाकिटे
• सपाट काचेचा स्कॅनर
• नोंदवही, आणि प्रत्येक खरेदीची पावती ठेवण्यासाठी एक फाइल

१. आधी कुंपण घाला

मासिकातले पान, दुकानात वाटलेले माहितीपत्रक, भिंतीवरचे पोस्टर आणि इनॅमलची पाटी या चार वस्तू वेगवेगळ्या आहेत. त्यांची पारख वेगळी आणि निगाही वेगळी. सुरुवात मासिकातल्या पानांपासून करावी. ती सर्वांत जास्त संख्येने छापली गेली, त्यामुळे सहज मिळतात आणि चूक झाली तरी फार महाग पडत नाही. एक कंपनी, एक दशक किंवा एकच विषय ठरवून घ्या. 'जुने काहीही चालेल' असे म्हणणाऱ्याच्या घरी वर्षभरात पेटी भरते, पण संग्रह होत नाही.

२. जाहिरात कोणत्या शंकेला उत्तर देते ते शोधा

या पायरीवर घाई करू नका. जाहिरात समोर ठेवा, घोषवाक्य वाचा आणि एका कागदावर एकच प्रश्न लिहा: हे वाक्य ऐकण्यापूर्वी गिऱ्हाईक काय म्हणत असेल?

हार्ले-डेव्हिडसनच्या सुरुवातीच्या एक सिलिंडरच्या गाड्या 'सायलेंट ग्रे फेलो' म्हणून ओळखल्या जात, म्हणजे अबोल करडा सोबती. करडा हा तिचा रंग, आणि अबोलपणा तिच्या सायलेन्सरचा. रस्त्यावर अजून घोडागाड्या होत्या आणि फटफटीच्या आवाजाने घोडे बुजत, शेजारीपाजारी वैतागत. तेव्हा ग्राहकाची शंका वेगाबद्दल कमी आणि लोकनिंदेबद्दल अधिक होती. पुढे हीच कंपनी तिच्या गाडीच्या आवाजासाठी जगभर ओळखली जावी, ही गंमत जुनी पाने समोर असल्याशिवाय नीट कळत नाही.

रॉयल एनफिल्डचे 'मेड लाइक अ गन', म्हणजे बंदुकीसारखी घडवलेली, हे वाक्य मोटारसायकलीहूनही जुने आहे. ते १८९३ पासूनचे, आणि कंपनीची पहिली मोटारसायकल आली १९०१ मध्ये. इंग्लंडमधल्या एनफिल्ड येथील सरकारी बंदूक कारखान्यासाठी ही कंपनी अचूक मापाचे सुटे भाग बनवत असे. नाव तिथूनच आले आणि बोधचिन्हात तोफही आली. बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, या कंपनीच्या चिन्हातल्या एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकाही त्याच घराण्यातल्या. शंका सरळ आहे: सुटा भाग मापात बसेल का? ज्याने रस्त्याच्या कडेला बसून न बसणारा भाग कानशीने घासून बसवला आहे, त्याला बंदुकीची उपमा कोणी समजावून सांगावी लागत नाही.

जॉर्ज ब्रो यांच्या ब्रो सुपिरिअर गाड्यांची जाहिरात 'मोटारसायकलींमधली रोल्स-रॉइस' या शब्दांत होत असे, पण माझ्या मते त्या कंपनीची खरी जाहिरात तिचे प्रमाणपत्र होते. १९२४ मध्ये आलेल्या एसएस १०० या गाडीबरोबर, ती ताशी १०० मैलांच्या वेगाने प्रत्यक्ष चालवून पाहिली आहे असे लेखी वचन मिळे. त्या काळात कॅटलॉगमधला वेग आणि रस्त्यावरचा वेग यांची क्वचितच भेट होई, हे ज्याला माहीत होते त्यालाच या कागदाचे मोल कळत असणार.

आता सर्वांत गाजलेले उदाहरण. १९४७ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावात मोटारसायकलस्वारांनी घातलेल्या धिंगाण्याच्या बातम्या झाल्या, आणि पुढची कित्येक वर्षे अमेरिकेत मोटारसायकल म्हणजे चामडी जाकिटातला गुंड असे समीकरण होऊन बसले. होंडाने १९५९ मध्ये अमेरिकेत कंपनी उघडली तेव्हा तिच्याकडे विकायला ५० सीसीची एक नाजूक गाडी होती, जिच्यावर पाय न उडवता बसता येई, साखळी झाकलेली असे आणि क्लचचा दांडा दाबावाच लागत नसे. १९६३ मध्ये ग्रे या जाहिरातसंस्थेने तिच्यासाठी 'यू मीट द नाइसेस्ट पीपल ऑन अ होंडा', म्हणजे होंडावर भेटतात ती सगळ्यांत भली माणसे, ही मोहीम काढली. चित्रात गृहिणी, विद्यार्थी, तरुण जोडपी. पाने छापली ती मोटारसायकलींच्या मासिकांपेक्षा घरोघरी जाणाऱ्या साप्ताहिकांत. त्या पानावर अश्वशक्तीचा आकडा शोधत बसू नका. शंका इंजिनाबद्दल नव्हतीच. 'आई काय म्हणेल' ही होती.

याच्या उलट नॉर्टन कमांडो. १९६७ मध्ये लोकांसमोर आलेल्या या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा हलता दांडा) हे एकत्र करून रबराच्या आधारांवर बसवले होते आणि या योजनेला 'आयसोलास्टिक' हे नाव दिले होते. दोन्ही दट्टे एकाच वेळी वरखाली होणाऱ्या ब्रिटिश जुळ्या इंजिनाचा थरकाप ज्याने तळहातांत आणि पायाच्या आधारांत सोसला आहे, तो या जाहिरातीत मॉडेलकडे नंतर आणि रबराच्या चकत्यांकडे आधी पाहतो. मी तरी तसाच पाहतो.

सापळा: घोषवाक्य म्हणजे वस्तुस्थिती असे धरून चालू नका. ज्या पानावर 'तेल गळत नाही' असे ठासून सांगितले असेल, त्याच्या आधीच्या नमुन्याखाली थाळी ठेवावी लागत होती असे खुशाल समजावे.

३. चित्र स्वाराच्या नजरेने तपासा

जुन्या जाहिरातीतले छायाचित्र बहुतेक वेळा जसेच्या तसे नसते. हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या ब्रशने पार्श्वभूमी पुसली जाई, क्रोमची चमक रंगवली जाई, कधी गाडीखालचा स्टँडही नाहीसा केला जाई. भिंगाखाली हँडलजवळ पाहा: क्लचची केबल दांड्यापासून निघते आणि टाकीच्या आसपास हवेत विरते, असे बऱ्याच पानांवर दिसेल. गाडी कशाच्याही आधाराशिवाय सरळ उभी दिसली, तर स्टँड पुसलेला आहे. हा दोष मुळीच नाही; त्या काळच्या कारागिरीची ती खूण आहे, आणि मला स्वतःला अशी पाने अधिक आवडतात.

चित्रातली गाडी तिचे वयही सांगते. चौकटीच्या दोन नळ्यांमध्ये अडकवलेली चपटी पेटीसारखी टाकी असेल तर काळ साधारणपणे १९२० च्या दशकातला. वरची नळी पोटात घेणारी, खोगिरासारखी टाकी त्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा, गर्डरचा (ताठ दांड्यांचा, वर स्प्रिंग असलेला) असेल तर गाडी बहुधा दुसऱ्या महायुद्धापूर्वीची, कारण बीएमडब्ल्यूने एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, तेलाने झटके शमवणारा टेलिस्कोपिक फोर्क १९३५ मध्ये आणला असला तरी इतरांनी तो मुख्यतः युद्धानंतर स्वीकारला. गिअरचा पायदांडा उजवीकडे असलेली ब्रिटिश गाडी अमेरिकेतल्या जाहिरातीत दिसली, तर ती बहुधा तिथे सप्टेंबर १९७४ पासून डावीकडच्या गिअरची सक्ती होण्याआधीची.

सापळा: व्हिन्सेंट. या ब्रिटिश कंपनीने १९५५ मध्ये मोटारसायकलींचे उत्पादन थांबेपर्यंत गर्डरच्याच धाटणीचा, पण स्वतःचा वेगळा फोर्क वापरला. केवळ फोर्क पाहून तिच्या ब्लॅक शॅडो या गाडीला युद्धपूर्व ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. ती गाडी १९४८ ची. दुसरे असे की जुनेच चित्र नवी टाकी रंगवून पुढच्या हंगामात पुन्हा वापरले जाई, म्हणून चित्रावरून फक्त 'याच्या आधीचे नाही' एवढेच ठरवावे.

४. मजकुरावरून साल पक्के करा

साल छापलेले क्वचितच असते. पानाच्या तळाशी असलेला बारीक मजकूर मात्र बरेच काही सांगून जातो.

पत्ता: अमेरिकी पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर पान जुलै १९६३ च्या आधीचे असू शकत नाही. शहराच्या नावापुढे एक किंवा दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर ते १९४३ नंतरचे. ट्रायम्फच्या पानावर मेरिडन असेल तर १९४२ किंवा त्यानंतरचे, कारण कॉव्हेंट्रीचा जुना कारखाना नोव्हेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाल्यावर कंपनी तिथे गेली.

किंमत: ब्रिटिश जाहिरातीत पौंड, शिलिंग आणि पेन्स अशी किंमत असेल तर ती १५ फेब्रुवारी १९७१ पूर्वीची समजावी, त्या दिवशी तिथे दशमान चलन आले.

नाव: अमेरिकेतली इंडियन ही कंपनी आधी हेंडी मॅन्युफॅक्चरिंग कंपनी होती, १९२३ मध्ये तिच्या नावात 'इंडियन मोटोसायकल' आले. 'मोटोसायकल' यात र नाही, आणि ती छपाईची चूकही नाही. व्हिन्सेंटच्या चिन्हातली एचआरडी ही अक्षरे १९४९ च्या सुमारास गेली, कारण अमेरिकेत त्यांची हार्ले-डेव्हिडसनच्या आद्याक्षरांशी गल्लत होत असे.

शर्यत: 'अधिकृत दुजोऱ्याच्या अधीन' अशा अर्थाची ओळ दिसली तर ते पान निकालानंतर घाईघाईने छापलेले आहे, आणि त्याचा आठवडासुद्धा सांगता येतो. १९११ च्या आइल ऑफ मॅन टीटीमधील (त्या बेटावरच्या रस्त्यांवर होणाऱ्या मोटारसायकल शर्यतींमधील) सीनिअर शर्यतीत इंडियनने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. टीटी त्याच वर्षी प्रथम डोंगराळ मार्गावर झाली. इंडियनला साखळी आणि दोन वेगांचा गिअर होता, तर प्रतिस्पर्ध्यांपैकी अनेकांची भिस्त चामडी पट्ट्यावर होती. अशा विजयाची जाहिरात म्हणजे 'पट्टा चढावर घसरला तर?' या शंकेचे रोख उत्तर.

सापळा: ब्रिटिश कंपन्या पुढच्या वर्षीचे नमुने आदल्या शरद ऋतूतच जाहीर करीत. पानावर '१९३९ चे नमुने' असे असले तरी ते १९३८ मध्ये छापलेले असू शकते. नोंदीत दोन्ही सालांसाठी जागा ठेवा. युद्धकाळातल्या ब्रिटिश जाहिराती हा तर निराळाच प्रकार. सामान्य ग्राहकाला विकायला नवी गाडी नव्हती, तरी कंपन्या लष्करी निरोप्यांची चित्रे छापून 'शांतता झाली की भेटू' अशा आशयाचा मजकूर देत राहिल्या. काहीच न विकणाऱ्या या पानांकडे संग्राहक अजून फारसे वळलेले नाहीत. नव्या माणसाने तिकडे जरूर पाहावे.

५. अस्सल की नव्याने छापलेले

पहिली परीक्षा अक्षरांची. जुन्या खिळेछपाईत अक्षर भरीव असते, कडेला शाई किंचित दाबून बाहेर आलेली असते आणि पाठीमागून बोट फिरवले तर कधी उठावही जाणवतो. जुने पान स्कॅन करून पुन्हा छापले की चित्राबरोबर अक्षरेही ठिपक्यांची होतात. म्हणून भिंग आधी चित्रावर न ठेवता सर्वांत बारीक मजकुरावर ठेवा. काळ्या अक्षराच्या कडेला रंगीत ठिपके दिसले की पुढे तपासण्याची गरज नाही. माझ्या त्या पोस्टरवरचा तेलाचा डागसुद्धा निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांचा आहे.

दुसरी परीक्षा पाठीची. मासिकातल्या पानाच्या मागे काहीतरी असतेच: अर्धवट लेख, टायरची जाहिरात, वाचकांची पत्रे. पाठ कोरी असेल आणि विक्रेता 'मासिकातले पान' म्हणत असेल तर थांबा. एका कडेला पिना किंवा शिवण यांच्या खुणाही असायला हव्यात.

तिसरी परीक्षा अतिनील प्रकाशाची. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी चमकद्रव्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. १९२० च्या दशकातले म्हणून दिलेले पान अंधारात टॉर्चखाली निळसर पांढरे झळकले, तर ते त्या काळचे नाही. न झळकणे हा मात्र अस्सलपणाचा पुरावा होत नाही.

इनॅमलच्या पाटीत पोलादी पत्र्यावर काचेचा थर भट्टीत भाजून बसवलेला असतो आणि प्रत्येक रंग वेगळा भाजला जात असल्यामुळे रंगांच्या सीमेवर नखाला पायरी लागते. टवके बहुधा खिळ्यांच्या भोकांभोवती उडतात, कारण बसवताना दाब तिथेच पडतो. भोके कोरी करकरीत आणि गंज मात्र पाटीच्या मध्यभागी सारखा पसरलेला असेल, तर तो गंज मुद्दाम चढवलेला आहे.

६. पैसे देण्यापूर्वी

विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंची छायाचित्रे, तिरप्या उजेडातले एक छायाचित्र, नेमकी मापे आणि पान कोणत्या मासिकातून निघाले ते लिहून मागा. पावतीवर 'अस्सल, त्या काळात छापलेली' असा स्पष्ट शब्द हवा. 'जुन्या धाटणीची' हा शब्दप्रयोग नकली माल खपवण्यासाठीच जन्मला आहे. अखंड मासिक हाती आले तर त्यातून पान कापू नका. शेजारचा चाचणी-अहवाल आणि प्रतिस्पर्ध्याची जाहिरात यांच्यामुळेच त्या पानावरची शंका उलगडते.

७. साठवण

येथे सर्वाधिक नुकसान प्रेमापोटी होते. लॅमिनेशन करू नये. ते परत निघत नाही. चिकटपट्टी लावू नये, पिना आणि क्लिपा काढून टाकाव्यात, पीव्हीसीची पाकिटे वापरू नयेत. पान पॉलिस्टरच्या पाकिटात, पाठीशी आम्लविरहित पुठ्ठा ठेवून, आडवे ठेवावे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५० टक्के आणि शक्य तितकी स्थिर असावी. गुळगुळीत लेपाचा कागद ओला झाला तर पाने एकमेकांना कायमची चिकटतात, म्हणून भिजलेला गठ्ठा सुकण्याआधी पाने अलगद सुटी करणे भाग असते.

भिंतीवर लावायचेच असेल तर अतिनील किरण अडवणारी काच घ्या आणि उजेड ५० लक्सच्या आत ठेवा. चार रंगांतल्या छपाईतले पिवळा आणि गुलाबी हे रंग उन्हाने आधी उडतात. निळा आणि काळा मागे राहतात. माझे एक लाल टाकीचे चित्र खिडकीसमोर दोन वर्षे राहिले आणि टाकी पार निळसर झाली. आता भिंतीवर फक्त प्रती लावतो.

८. स्कॅन आणि वापराचे हक्क

मूळ पान ६०० डीपीआयला स्कॅन करून टिफ स्वरूपात ठेवा. ठिपक्यांची जाळी स्कॅनरच्या जाळीशी भिडून लाटा दिसू लागल्या तर ती सफाई प्रतीवर करा, मूळ फाइलवर नको. पाठही स्कॅन करा.

पान तुमचे असले तरी चित्र तुमचे होत नाही. अमेरिकेत हक्क राखून प्रसिद्ध झालेल्या जुन्या साहित्याचा स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे प्रसिद्धीपासून ९५ वर्षांपर्यंत, ब्रिटनमध्ये कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत टिकतो; शिवाय बोधचिन्हे आजही कुणा ना कुणा कंपनीच्या मालकीची असतात. घरी जपणे वेगळे, टी-शर्टवर छापून विकणे वेगळे.

९. नोंद

प्रत्येक पानाला क्रमांक द्या आणि तो पाठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने हलका लिहा. नोंदीत कंपनी, नमुना, मासिक, छपाईचे साल, नमुन्याचे साल, माप, पाठीवर काय आहे, कोणाकडून घेतले, कोणत्या खुणांवरून अस्सल ठरवले आणि जाहिरात कोणत्या शंकेचे उत्तर आहे, इतके रकाने असावेत. शेवटचा रकाना सुचला नाही तर रिकामा ठेवा. त्या काळची गाडी चालवलेला कोणी भेटला की तो बहुधा एका वाक्यात भरून देतो. नोंदीची एक प्रत कागदावर छापून पेटीतच ठेवावी, कारण पुढे पेटी उघडणाऱ्याजवळ तुमचा संगणक असेलच असे नाही.